नळीवरून वाटीवर: आजारपणात मागे पडलेल्या लेकराला जेवण कसं सुरू करायचं

आमच्या पोट्ट्याचं उष्टावण तेराव्या महिन्यात झालं. जावेच्या पोरीचं सहाव्या महिन्यातच झालं होतं, मामाच्या मांडीवर बसवून, चांदीच्या वाटीत खीर, सगळं रीतसर. आमच्या वेळेसही मामा आला, वाटीही तीच, पण पोरगा नाकात नळी अन गालावर चिकटपट्टी घेऊन बसलेला, वाटी जवळ आली की तोंड फिरवून असा किंचाळायचा की शेजारची म्हातारी काय झालं म्हणून पाहायला आली. खीर शेवटी मामानंच खाल्ली.

आधीचं थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं समजेल. पोरगा ३३ व्या आठवड्यातच जन्मला, वजन १ किलो ७०० ग्रॅम, हृदयाला मोठं छिद्र. दूध ओढता ओढता कपाळावर घाम यायचा, दम लागायचा, अन अर्धपोटी झोपून जायचा. तिसऱ्या महिन्यात नाकातून पोटापर्यंत नळी टाकली. मधात दोनदा निमोनिया झाला म्हणून ऑपरेशन लांबत लांबत दहाव्या महिन्यात नागपूरला झालं. ऑपरेशन चांगलं झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सुट्टी झाली तेव्हा कार्डावर सहा औषधं, टाक्याची काळजी, पुढची तारीख सगळं लिहिलेलं अन जेवणाबद्दल एकच ओळ, 'फीड्स ॲज टॉलरेटेड'. म्हणजे झेपेल तसं खाऊ घाला. आता ज्या लेकरानं जन्मात तोंडानं धड दूध नाही प्यायलं त्याला काय झेपते हे मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, मोठ्या दवाखान्यापासून ४० किलोमीटरवर बसून कसं ठरवणार? जवळच्या एका डॉक्टरला विचारलं तर म्हणाले आणखी थांबा, अन आम्ही थांबलो, दोन महिने फुकट गेले.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बारावी शिकलेली बाई आहे. तुमच्या लेकराचा आजार वेगळा असू शकते, कोणाची टाळू फाटलेली असते, कोणाचं अन्ननळीचं ऑपरेशन असते, कोणी नुसतंच महिनोन् महिने आयसीयूत काढलेलं असते. म्हणून पहिली पायरी सोडू नका, बाकीचं आपापल्या लेकराकडं पाहून मागंपुढं करा.

१) आधी डॉक्टरला हे प्रश्न विचारा (कागदावर लिहूनच न्या)

आत गेलं की पाच मिनिटं भेटतात अन आपण अर्धं विसरतो. मी वहीच्या पानावर लिहून नेले होते:

- तोंडानं गिळणं सुरक्षित आहे का? खाताना खोकला येते, खाल्ल्यावर आवाज ओला-घरघर होते, डोळ्यातून पाणी येते किंवा वारंवार निमोनिया होते, यातलं काही असेल तर आवर्जून सांगा. अन्न श्वासनळीत जात असू शकते, ते आधी तपासावं लागते.
- वय कोणतं धरायचं? आठव्या-सातव्या महिन्यात झालेल्या लेकराचं वय ४० आठवड्यांपासून मोजतात. आमचा ३३ चा, म्हणजे सात आठवडे वजा.
- तूप-तेल चालेल का? हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. हृदयाच्या ऑपरेशननंतर काही लेकरांच्या छातीत एक दुधाळ पाणी जमते, त्यांचं तूप-तेल काही आठवडे बंद ठेवतात. आमच्या शेजारच्या पलंगावरच्या पोरीचं तसंच होतं.
- पाण्यावर, मिठावर बंधन आहे का? लघवी होण्याचं औषध चालू असेल तर हमखास विचारा.
- लोहाचं औषध द्यायचं का? आशाताई ६ महिन्यांच्या पुढच्या लेकरांना आठवड्यातून दोनदा १ मिली आयर्नचं सिरप देतात. पण आपल्या विदर्भात सिकलसेल (आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार) खूप, तुमच्या किंवा नवऱ्याच्या घरात कोणाला असेल तर आधी लेकराची तपासणी करा, डॉक्टरला विचारल्याशिवाय आयर्न सुरू करू नका.

अन एक पक्की गोष्ट. "आणखी थांबा" म्हटलं तर "किती दिवस आणि कशासाठी" हे विचाराच. कारण असेल तर थांबायचं, नुसतं भीतीपोटी नाही. दाणेदार, चावायचं अन्न जितकं उशिरा सुरू होते तितकं लेकरू नंतर अडून बसते.

२) कागद आणि सामान

कागद: डिस्चार्ज कार्ड, इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी, लसीकरणाचं कार्ड (माता-बाल संरक्षण कार्ड), लेकराचं आधार, रेशनकार्ड, आरबीएसकेची रेफर चिठ्ठी. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, अन मोबाईलमध्ये फोटो. आमचं मूळ डिस्चार्ज कार्ड एकदा एसटीत राहिलं होतं, फोटो होता म्हणून निभलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. अंगणवाडीत अन शाळेत तपासायला येते ती गाडी त्यांचीच. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या लेकरांना बघतात, अन पुढं जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, सगळे डीईआयसी म्हणतात त्याला. तिथं बालरोगतज्ज्ञासोबत फिजिओथेरपी, स्पीच थेरपी, आहारवाले अशी माणसं असतात. स्पीच थेरपीवाली ताई फक्त बोलायला शिकवते असं मला वाटायचं. तोंड, जीभ, गिळणं हे सगळं तीच शिकवते, मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

सामान: एक उथळ, गुळगुळीत काठाचा छोटा चमचा, एक स्टीलची वाटी, बारीक चाळणी, घोटायला रवी, पाण्यासाठी छोटा पेला, दोन-तीन जुन्या सुती ओढण्या (एक त्याच्या गळ्यात, एक तुमच्या खांद्यावर, एक जमिनीवर), एक वही. दुधाची बाटली घेऊ नका. महागडी खुर्ची, मिक्सरचं छोटं भांडं यांची काही गरज नाही.

३) आधी तोंडाची भीती घालवा

हीच पायरी सगळे उडवतात. मीही उडवली.

आपण समजतो लेकराला भूक नाही, नखरे करून राहिलं. पण त्याच्या बाजूनं पाहा. जन्मल्यापासून त्याच्या तोंडाजवळ जो हात आला त्यानं नळी टाकली, कफ ओढला, चिकटपट्टी काढली. आमच्याच्या उजव्या गालावर पट्टीमुळं रुपयाएवढी जागा सोललेली होती, लाल लाल, अन कोणाचाही हात खांद्याच्या वर गेला की तो आधी डोळे मिटायचा अन मंग मान फिरवायचा. मारलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखं. अशा लेकराच्या तोंडात चमचा कोंबला तर ते काय समजेल?

थेरपीवाल्या ताईनं सांगितलं की जेवणाचं नावच काढू नका दोन आठवडे. करायचं ते एवढंच:

तळहातापासून सुरू करा. तेलाचा हात, तळवा, मनगट, दंड, खांदा, कान, गाल, अन सगळ्यात शेवटी ओठ. ज्या जागी तो आकसतो तिथं थांबायचं, तिथून माघारी यायचं, उद्या परत. आमचे पाच दिवस तर खांद्यावरच गेले.

नळीतून दूध जात असताना त्याच वेळेस बोटाला दुधाचा थेंब लावून त्याच्या ओठाला, नाहीतर त्याचंच बोट त्याच्या तोंडात. पोट भरते अन तोंडात चव येते, हे दोन एकमेकांशी जुळतात डोक्यात. मला आधी हे खुळ्यासारखं वाटलं पण हेच कामाला आलं.

रिकामा चमचा खेळायला द्या. चमचा आपटू द्या, फेकू द्या, स्वतः तोंडात घालू द्या.

अन घरचे जेवतात तेव्हा त्याला पंगतीत बसवा. आमच्याकडे तो आतापर्यंत खाटेवर असायचा, जेवणं झाली की मंग त्याचं नळीचं दूध. जेवण नावाची काही गोष्ट असते, लोक हातानं खातात, बोटं चाटतात, हे त्यानं पाहिलंच नव्हतं. आजोबांच्या ताटाजवळ बसवायला लागलो तर चौथ्या-पाचव्या दिवशी त्यानं वरणाच्या वाटीत सरळ मनगटापर्यंत हात घातला. सगळे ओरडणार तेवढ्यात मी म्हटलं कोणी बोलू नका. हात बाहेर काढला, पाहिला, वरण कोपरापर्यंत ओघळून राहिलं, अन मंग हळूच अंगठा चाटला. तोंड वाकडं केलं. अन परत चाटला. त्या दिवशी मी चुलीमागं जाऊन रडली. आमच्या हिशोबानं खरं उष्टावण तेच.

४) बसवायचं कसं

मान धरत असेल अन टेकू देऊन बसत असेल तरच. आडवं पाडून कधीच नाही, मांडीवर पाय लांब करून त्यावर लेकरू उताणं टाकायचं अन पाजायचं ही आपली जुनी पद्धत नळीवाल्या लेकराला धोक्याची आहे. पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, पाय कशावर तरी टेकलेले. आम्ही भिंतीच्या कोपऱ्यात दोन उशा लावून बसवायचो अन पायाखाली पाट. तुम्ही त्याच्या समोर, त्याच्या डोळ्याच्या उंचीवर बसा, वरून चमचा आला की मान मागं जाते अन ठसका लागते. खाऊन झाल्यावर अर्धा तास झोपवायचं नाही.

५) पहिला घास

वेळ: सकाळची, भूक असताना, पण रडून लाल व्हायच्या आधी. दूध देऊन दोन-अडीच तास झालेले पायजेत.

काय: एकच वस्तू, गुळगुळीत, चमच्यावरून घसरेल पण धार लागणार नाही इतकी. पातळ पाण्यासारखं दिलं की उलट जास्त ठसका लागते, कारण ते जिभेवर थांबतच नाही. आम्ही कोहळ्यापासून सुरू केलं (लाल भोपळा म्हणतात पुण्याकडं), वाफवून, चाळणीतून काढून, त्यात थोडं दूध. मंग मुगाच्या डाळीचं घट्ट वरण, रताळं, पिकलं केळं, भात-वरण घोटून. भंडारा-गोंदियाकडच्या घरात भाताची पेज जास्त चालते, आमच्याकडं ज्वारीच्या पिठाची. दोन्ही चालते, फक्त नुसती पेज नको, त्यात डाळ पायजे.

किती: अर्धा चमचा. खरंच अर्धा चमचा. पहिले सात दिवस आमच्या वहीत लिहिलेलं आहे, "अर्धा, थुंकला", "चाटलं", "नाही", "नाही", "१ चमचा!!", "नाही", "दीड".

कसं: चमचा ओठांजवळ आणा अन थांबा. त्यानं तोंड उघडलं तर आत. नाही उघडलं तर खालच्या ओठाला लावून मागं घ्या. वरच्या टाळूला चमचा घासून अन्न पाडू नका. २० ते ३० मिनिटांच्या वर बसवून ठेवू नका, संपलं नाही तरी उठवा.

नवीन वस्तू एक-एक, मधात तीन दिवस सोडून, म्हणजे पुरळ-उलटी झाली तर कशानं झाली ते समजते. अंडं, गहू, शेंगदाण्याची बारीक पूड हे मुद्दाम लांबवायची गरज नाही, पण आधी कशाची ॲलर्जी दिसली असेल तर डॉक्टरला विचारूनच.

वर्षाच्या आतल्या लेकराला मध नाही, चाटणापुरताही नाही. घुटी नाही. मीठ-साखर वर्षाच्या आत घालायचीच नाही, अन नंतरही बेतानं.

६) गुळगुळीतवरून दाणेदारवर, घाई नाही पण थांबायचंही नाही

इथं माझी दुसरी चूक. घोटलेलं खायला लागला तर मी इतकी खुश झाली की पुढचे तीन महिने सगळं मिक्सरमधून काढून दिलं. त्याला एक शीत लागलं तरी उबकी यायची, अन मला वाटायचं नकोच, चाललं ते बरं चाललं. मंग ताईनं रागावलं. नळीवाल्या लेकरांना उबकी लवकर येतेच, घसा तसा झालेला असते, ती कमी होते ती दाण्यांची सवय झाल्यावरच.

आमचा क्रम असा होता: चाळणीतून काढलेलं, मंग फक्त रवीनं घोटलेलं, मंग चमच्यानं दाबलेलं (त्यात मऊ शीत राहते), मंग बोटानं चिरडेल असे तुकडे, म्हणजे उकडलेलं गाजर, आलू, पिकली पपई, इडली, वरणात भिजवून मऊ झालेली पोळी. प्रत्येक पायरीवर दहा-पंधरा दिवस. एका वेळेस अर्धी वाटी जुन्या पद्धतीची अन दोनच चमचे नव्या पद्धतीचे. दोन्ही एकत्र कालवू नका, पातळात अचानक गोळा लागला की लेकरू पुन्हा सगळंच बंद करते.

दात आलेले नसले तरी हिरड्यांनी चावते, दातांची वाट पाहू नका. अन दात आले की रोज दोनदा मऊ ब्रशनं घासा, हृदयाच्या लेकराला तर हे औषधाइतकं महत्त्वाचं, तोंडातले जंतू रक्तातून हृदयापर्यंत जातात.

७) वाटी वाढवू नका, वाटीतला दम वाढवा

नळीवर राहिलेल्या लेकराचं पोट लहान अन गरज जास्त. वर्षाच्या पुढच्या लेकरानं साधारण पाऊण ते एक वाटी (२५० मिलीची), दिवसातून तीन-चार वेळा अन मधात एक-दोनदा काही किरकोळ खावं असं सांगतात. आमचं पोट्टं पाव वाटीवर अडलेलं. मंग पाव वाटीतच जास्त घालायचं.

एक चमचा तूप किंवा शेंगदाण्याचं तेल म्हणजे ४५ कॅलरीच्या आसपास (डॉक्टरनं चालेल म्हटलं असेल तर). खिचडीत दोन भाग तांदूळ अन एक भाग मुगाची डाळ, चार शिट्या, घोटताना वरून तूप. भाजलेल्या शेंगदाण्याची अगदी बारीक पूड. उकडलेल्या अंड्याचा बलक वरणात.

अन एक जादूची वस्तू, मोडाचं पीठ. गहू रात्रभर भिजवा, फडक्यात बांधून मोड आणा, सावलीत कडक वाळवा, हलकेच भाजा अन दळा. घट्ट लापशी शिजली की थोडी कोमट होऊ द्या, मंग एक छोटा चमचा हे पीठ टाकून हलवा अन परत एक उकळी घ्या. घट्ट गोळा पाहता पाहता पातळ होते, पाणी न घालता. म्हणजे तेवढ्याच चार चमच्यांत दुप्पट पीठ पोटात जाते. जास्त भाजलं तर हा गुण जातो. ज्वारीला मात्र मोड आणून लेकराला देऊ नका, ज्वारीच्या मोडात विषारी अंश असते.

आता वरणाच्या पाण्याबद्दल. "वरणाचं पाणी दे, हलकं असते." हलकं असते कारण त्यात काही नसते! पोट पाण्यानं भरते अन वजन जिथल्या तिथं. खालची डाळ द्या. चहात बुडवलेलं बिस्कीट हाही तोच प्रकार, वरून चहामुळं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. त्याच्याऐवजी जेवणासोबत संत्र्याचा रस दोन चमचे, आपल्याकडं वरूड-मोर्शीची संत्री सीझनला स्वस्तच असतात, त्यानं लोह चांगलं लागते. मेडिकलवाला डब्बा दाखवते ६०० रुपयांचा, वजन वाढवायची पावडर, तीही आम्ही एक आणली होती. अर्धी मुंग्यांनी खाल्ली.

अंगणवाडीतून ६ महिने ते ३ वर्षांच्या लेकरांना घरी न्यायचा आहार मिळते, तो घ्या, लाज कसली. मेळघाट-गडचिरोलीसारख्या आदिवासी भागात अंगणवाडीत अंडी-केळीही देतात.

उन्हाळ्यात एक सांभाळा. आपल्याकडं मे महिन्यात ४५ च्या वर पारा जाते अन लाईटचा भरवसा नाही. सकाळची घोटलेली खिचडी दुपारी देऊ नका, वास आला नसला तरी. थोडं शिजवा, ताजं द्या, उरलेलं तुम्ही खा.

८) नळी कमी करणं

हे घरच्या मनानं करायचं काम नाही. डॉक्टर सांगतील तशी नळीची एक-एक वेळ कमी करतात, बहुतेक आधी दिवसाची, म्हणजे लेकराला भूक काय असते ते कळते. दर आठवड्याला वजन. पहिल्या काही दिवसांत थोडं थांबते, तेवढ्यानं घाबरू नका, पण उतरत चाललं तर लगेच कळवा. आमची नळी चौदाव्या महिन्याच्या शेवटी निघाली.

नळी घरी निघून आली तर स्वतः आत ढकलू नका. नळीवरची खूण सरकलेली दिसली किंवा दूध सोडताना खोकला आला तर दूध तिथंच थांबवा, जागा तपासल्याशिवाय थेंबही नाही.

नळी गेल्यावर दुसरा सापळा दुधाचा. वर्षाच्या पुढं दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध गेलं तर जेवायला जागाच राहत नाही. आमच्या घरी म्हैस, म्हणून सासऱ्यांचा हात सैल, मला अक्षरशः मोजून पेला काढून ठेवावा लागायचा.

९) उबकी वेगळी, घशात अडकणं वेगळं

उबकीत आवाज होते, तोंड लाल होते, खोकते, जीभ बाहेर येते. ते स्वतः काढते. तुम्ही फक्त शांत बसा, पाठीत धपाटे घालू नका, तोंडात बोट घालू नका.

अडकलं की आवाज बंद होते. रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ निळे पडायला लागतात. तेव्हा वर्षाच्या आतलं लेकरू असेल तर हातावर पालथं, डोकं खाली, दोन्ही खांद्यांच्या मधात तळहातानं पाच थापा, मंग उलटवून छातीच्या मधोमध पाच दाब. वर्षाच्या वरचं असेल तर पुढं वाकवून पाच थापा अन मंग मागून धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब. निघेपर्यंत आलटून पालटून. दुसऱ्यानं तोवर १०८ ला फोन करायचा. लेकरू बेशुद्ध पडलं तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करायची. दिसत नसलेली वस्तू बोटानं शोधायला जाऊ नका, आणखी आत जाते. ताज्या ऑपरेशनच्या लेकराला छातीवर-पोटावर दाब कसा द्यायचा ते डॉक्टरकडून आधीच शिकून घ्या. हे सगळंच वाचून येत नाही, उपकेंद्रातल्या नर्सताईला बाहुलीवर करून दाखवायला लावा.

अख्खे शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, बोराची बी, सुपारीचं खांड, अख्खं द्राक्ष, हे त्याच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही. शेंगा फोडायच्या दिवसांत तर अंगणात सगळीकडं दाणेच दाणे असतात, आम्ही तेवढे दिवस त्याला ओसरीवरच ठेवायचो.

१०) घरातली माणसं

हे कोणत्या डॉक्टरच्या कागदावर नसते, पण अर्धी लढाई हीच.

आमच्या एका आत्यासासूबाई आल्या होत्या, प्रेमळ बाई, पाच लेकरं वाढवलेली. मी विहिरीवर गेलेली. त्यांनी पोट्ट्याला मांडीवर आडवं घेतलं, नाक दाबलं, तोंड उघडलं की बोंडल्यानं पेज आत. "पाय वो, कसं गटगट पेलं! तुले जमत नाही म्हून लेकरू उपाशी." दहा मिनिटांत सगळं उलटलं, नाकातोंडातून. अन त्यानंतर १९ दिवस, वहीत मोजलेले आहेत, त्यानं चमचा जवळ येऊ दिला नाही. परत तळहातापासून सुरुवात.

त्यांच्याशी भांडून उपयोग नव्हता. मी काय केलं, पुढच्या तारखेला सासूबाईंनाच सोबत नेलं डीईआयसीत. मी सांगितलेलं त्या ऐकत नव्हत्या पण ताईनं त्यांच्यासमोर बसून सांगितलं, "आजी, नाक दाबलं की अन्न फुप्फुसात जाते, पुन्हा निमोनिया होईल." निमोनिया शब्द पुरेसा होता. तेव्हापासून घरी कोणी पाहुणी बाई पुढं सरसावली की सासूबाईच ओरडायच्या, "हात नोको लावू त्याले, थो आपल्या मनानं खाते."

नवऱ्याला एक काम ठरवून द्या, पूर्ण त्याचं. आमच्याकडं रात्रीचं जेवण हे भरवायचे. माझ्यापेक्षा त्यांच्याकडून जास्त खायचा, कारण ते मोजायचे नाहीत अन माझ्या चेहऱ्यावर काळजी दिसायची. मोबाईल दाखवून भरवायचा मोह होते, मीही दोन आठवडे भरवलं, वाटी संपायची हो, पण तोंडात काय जाते ते त्याला कळायचंच नाही अन मोबाईल नसला की तोंड बंद. सोडवायला महिना लागला.

११) वजन आणि धावपळ कधी करायची

महिन्यातून एकदा अंगणवाडीत वजन-उंची, अन दंडाची पट्टी. ६ महिने ते ५ वर्षांपर्यंत दंड साडेबारा सेंटीमीटरच्या वर म्हणजे हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. लाल आला किंवा दोन्ही पायांवर सूज आली तर वाट पाहू नका, पोषण पुनर्वसन केंद्राची चिठ्ठी घ्या. तिथं आईलाही राहायला मिळते.

खाताना निळं पडणं, दम लागणं, कपाळावर परत घाम, खाल्ल्यानंतर ताप अन छातीत घरघर, हिरवी उलटी, सहा-आठ तास लघवी नाही: त्याच दिवशी दवाखाना. रात्र असली तरी.

अन तपासणीला जाताना लेकराची नेहमीची वाटी, चमचा, अन घरून शिजवलेलं थोडं जेवण डब्यात न्या, पोट रिकामं ठेवून. त्यांना तो कसा गिळते ते डोळ्यानं पाहायचं असते. आम्ही पहिल्यांदा एसटी स्टँडवर पोट भरून त्याला केळं खाऊ घातलं अन तिथं गेल्यावर त्यानं तोंडच उघडलं नाही, ८० किलोमीटर येणंजाणं करून परत दुसरी तारीख घेऊन आलो.